इंदिरेसन सर आणि मी

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. त्या दिवशी ऑफ तासाला नववीच्या वर्गावर होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, वायफाय भिंतीपलीकडच्या खोलीत कसं पोहोचतं?" मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणालो आणि रात्री वाचत बसलो. वाचता वाचता प्रा. आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यापर्यंत पोहोचलो.

१९४४ साली तमिळनाडूत जन्मलेले पॉलराज कोवळ्या वयातच आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आले. नंतर लोणावळ्याला नौदलाच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले. नौदलाने त्यांना एम.टेक.साठी आयआयटी दिल्लीला पाठवलं. तिथे प्रा. पी. व्ही. इंदिरेसन यांनी त्यांची कुवत ओळखली आणि एम.टेक.वरून थेट पीएच.डी.कडे वळवलं. १९७३ मध्ये ते डॉक्टरेट झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली पाणबुड्यांचा माग काढणारी 'अप्सोह' ही सोनार यंत्रणा देशातच तयार झाली.

१९९१ मध्ये नौदल सोडून ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. वय सत्तेचाळीस, आणि विषय नवा: वायरलेस. रेडिओ लहरी काही भिंतीतून आरपार जातात, काही आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात. हे आपटणं एरवी कटकटीचं मानलं जाई. पॉलराज म्हणाले, दोन्ही टोकांना अनेक अँटेना लावा. मग याच वेगवेगळ्या वाटांमुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी अनेक संदेश पाठवता येतील. १९९२ मध्ये त्यांनी पुण्यात वाढलेल्या प्रा. थॉमस कैलाथ यांच्यासह पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीला अनेकांना हे पटलं नाही. आज वायफाय, फोर-जी, फाइव्ह-जी या 'मायमो' तंत्रावर चालतात. २०१४ मध्ये पॉलराज यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं.

दुसऱ्या दिवशी मुलीला उत्तर दिलं. पण माझ्या मनातून इंदिरेसन सर जाईनात.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी दहावीचा निकाल घेऊन आली होती. गणितात वर्गात पहिली. "सर, सायन्स घेऊ?" मी म्हणालो, "बेटा, अकरावीला सगळं इंग्रजीत असतं. झेपणार नाही. आर्ट्स घे, डी.एड. कर." तिच्या अब्बांनाही ते पटलं, कारण सरांनी सांगितलं होतं. मध्यंतरी ती बाजारात भेटली. सलाम केला, तब्येत विचारली. तक्रार केली नाही. तिनं तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

आपल्या मुलींसमोर गरिबी, भाषा, लवकर होणारी लग्नं अशा अडचणी आहेतच. नौदलासारखा आधारही त्यांच्यामागे नाही. पण त्या अडचणींत मीही एक होतो. तिची कुवत मला दिसली होती, तरी मी तिला खालच्या पायरीवर उतरवलं. इंदिरेसन सरांनी आपल्या विद्यार्थ्याला वर चढवलं होतं.

यंदा निकालानंतर मुली विचारायला येतील. मी आधी एवढंच विचारणार आहे, "तुला काय आवडतं?" इंग्रजीचं नंतर बघू. सुट्टीत मी बसेन त्यांच्यासोबत डिक्शनरी घेऊन.