वाकून यावे

आमच्या भिवंडीत घराची दुरुस्ती काढली, की माणसं फरशी नि नळ बदलून गप्प बसतात. आमच्या हिला मात्र वाड्याची शोभा हवी होती! शेवटी वखारीतून, कुठल्याशा पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट आणली. वर गणेशपट्टी, बाजूंना वेलबुट्टी, खाली वीतभर उंबरा. शेजारच्या मागांच्या खडखडाटानं भिंती थरथरतात, पण चौकट ढिम्म! उंची मात्र जुन्या काळची. पहिल्याच दिवशी माझ्या कपाळाला टेंगूळ.

आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "कुणाचं रे घर हे?"

मी गप्प. स्लॅबच्या हौसेपायी बाबांनीही आमची चौकट अशीच वखारीत घातली होती.

तेव्हापासून मी वाकून जातो. टेंगळाच्या भीतीनं, असं हिला सांगतो.