मागं घे, मोठं कर, थांब

गरज आधी लिहून ठेवतो. डेस्कटॉप जुना, रॅम चार जीबी. त्यावर कंधारचा किल्ला, होट्टलची देवळं, खरोशाची लेणी, पानगावचं विठ्ठलमंदिर, ठिकठिकाणचे शिलालेख आणि किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी काढलेल्या छापील फोटोंचे स्कॅन. हे सगळं बघायचं आहे, फक्त बघायचं. रंग बदलायचे नाहीत, चेहरे ओळखायचे नाहीत, कुठं पाठवायचं नाही.

*

फोनवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. फाइल चार-पाच एमबीची दिसते, कारण ती जेपीईजीत दाबून भरलेली असते. उघडली की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे ३६ एमबी मेमरी लागते. कॅमेऱ्याचा २४ मेगापिक्सेलचा असेल तर ७२. चांगलं सॉफ्टवेअर पुढचा फोटो आधीच उघडून तयार ठेवतं, म्हणून बाण दाबताच तो समोर येतो. ही तयारी नसेल तर प्रत्येक फोटोला काळा पडदा आणि गोल फिरणारं चक्र. मशीन जुनं आहे म्हणून असं होतं, हे दुकानदाराचं म्हणणं मला पटत नाही. त्याच मशीनवर हलकं सॉफ्टवेअर टाकून पाहावं.

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाखांच्या आसपास ठिपके मावतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोचा जेमतेम सहावा भाग. पूर्ण फोटो बघताना आपण त्याचं लहान केलेलं रूपच बघत असतो. म्हणून एका कळीत शंभर टक्क्यांवर जाणं आणि एका कळीत परत येणं, ही माझी पहिली अट.

*

किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. ही घरं आत कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पुढं दुसऱ्या जागी वसली. जुन्या गावठाणाच्या खुणा पुष्कळशा फोटोतच उरल्या.

त्या फोटोंचे स्कॅन मी वयस्कर माणसांना दाखवतो तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ येतात. ढिगारा सगळीकडं सारखाच दिसतो. ओळख पटते ती दाराच्या चौकटीवरून, भिंतीतल्या कोनाड्यावरून, एखाद्या लिंबाच्या झाडावरून. आणि मग तोंडून तीनच गोष्टी येतात: ‘मागं घे.’ ‘मोठं कर.’ ‘थांब.’

फोटो दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची यापेक्षा चांगली कसोटी मला ठाऊक नाही. मागचा फोटो तत्काळ आला पाहिजे. जिथं बोट ठेवलं तिथंच मोठं झालं पाहिजे, मधोमध नव्हे. आणि ‘थांब’ म्हटल्यावर खरंच थांबलं पाहिजे: स्लाइडशो आपोआप पुढं सरकू नये, कडेनं पट्टी उघडू नये, कोपऱ्यात सूचना येऊ नये. हल्लीची काही ॲप्स जुन्या फोटोंना संगीत लावून ‘आठवणी’ तयार करून दाखवतात. पडलेल्या घराच्या फोटोला असं संगीत लागलेलं मी कोणाही आजीला ऐकू देणार नाही.

*

सोळा रस्ते येऊन मिळतात ते लातूरच्या गंजगोलाईला शोभतं. फोटोच्या खिडकीत सोळा बटणं लागत नाहीत.

*

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं मानलं जातं. त्यांच्या आणि पुढं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले लेख नांदेड-लातूर भागात आढळतात, त्यांत कन्नड लेखही आहेत. दगड झिजलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका कुठला आणि पावसानं पडलेली खळी कुठली, हे फोटोत ठरवायचं असतं.

इथं एक धोका आहे आणि तो फार थोड्यांना जाणवतो. फोटो शंभर टक्क्यांपेक्षा मोठा केला की बरीच सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मधला रंग स्वतः हिशेब करून भरतात. चित्र मऊ, गुळगुळीत दिसतं. लग्नाच्या फोटोला ठीक आहे. शिलालेखाला नाही, कारण चौकोनी, ओबडधोबड खळगी त्या हिशेबात गोल होते आणि वाचणारा तिला अनुस्वार समजतो. मऊपणा बंद केला की चौकोनी ठिपके दिसतात. दिसायला वाईट, पण यापलीकडं फोटोत माहिती नाही हे ते स्पष्ट सांगतात. फेह या सॉफ्टवेअरमध्ये कॅपिटल ए आणि एनएसएक्सआयव्हीमध्ये लहान ए दाबला की हे चालू-बंद होतं. इरफानव्ह्यू आणि क्यूव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये ते सेटिंगमध्ये आहे. मी ते बंदच ठेवतो.

त्याच दगडाचे सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हातले दोन फोटो शेजारी ठेवून बघायला नोमॅक्सइतकं सोयीचं दुसरं सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही. दोन खिडक्या जोडता येतात. एकीत सरकवलं की दुसरीतही तेवढंच सरकतं, एकीत मोठं केलं की दुसरीतही. सावली डावीकडची उजवीकडं गेली तरी जी रेघ जागची हलत नाही, ती कोरलेली असण्याची शक्यता जास्त.

*

फायलींची नावं मी मराठीत ठेवतो. एनएसएक्सआयव्ही अतिशय हलकं, लिनक्सवरचं. मूळचं एसएक्सआयव्ही थंडावल्यावर २०२१ मध्ये लोकांनी पुढं चालवलेलं. पण खालच्या पट्टीत ‘किल्लारी’ लिहून येतं ते तुटकं: वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर, ल्ल चं जोडाक्षर होत नाही, पाय मोडलेला ल वेगळा उभा राहतो. कारण सरळ आहे. ते अक्षरं एकेक करून मांडतं. देवनागरीला अक्षरं जुळवून घेणारी वेगळी पायरी लागते, ती त्यात नाही. क्यूव्ह्यू आणि नोमॅक्स ‘क्यूटी’ या पायावर उभी आहेत, त्यात ही पायरी आहे, म्हणून नाव नीट दिसतं.

हलकेपणासाठी काय काय काढून टाकायचं याची यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपली लिपी बहुधा नसते. हे माझ्या मनाला लागतं. शाळेतल्या पोरांना गावाचं नाव तुटकं दाखवून मी त्यांना इतिहासाची गोडी कशी लावणार?

*

आडवा फोटो. फोन उभा धरला तरी सेन्सर आडवंच टिपतो आणि फाइलच्या एक्झिफ नोंदीत १ ते ८ यांपैकी एक आकडा लिहून ठेवतो: दाखवताना इतका फिरवा. तो आकडा न वाचणारं सॉफ्टवेअर घेऊच नये.

पण आपण फिरवला, तर तो नुसता पडद्यावर फिरावा, मूळ फाइलवर लिहिला जाऊ नये. जेपीईजी पुन्हा साठवली की पुन्हा दाबली जाते आणि दरवेळी बारीक तपशील जातो. फेहमध्ये मूळ फाइल बदलायची परवानगी सुरू करतानाच वेगळी द्यावी लागते. ही पद्धत मला फार आवडते. डिलीटची कळसुद्धा अशीच दूर असावी. एनएसएक्सआयव्हीत फाइल पुसायची सोय मुळातच नाही, हवी तर स्वतः जोडावी लागते.

*

पिकासा आठवतं? आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंत तेच असायचं. २०१६ मध्ये गूगलनं ते बंद केलं. त्यात बनवलेले अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं पिकासाजवळच राहिली. फोटो तेवढे आपल्याकडं. म्हणून माहिती फाइलच्या नावात आणि फोल्डरमध्येच लिहायची: आधी वर्ष, मग तालुका, गाव, वास्तू. सॉफ्टवेअर उद्या बदललं तरी होट्टल होट्टलच राहील. शिवाय वीज गेली तर बिघडायला सॉफ्टवेअरची वेगळी यादीच नसते.

*

विंडोजवर कोणी विचारलं तर मी अजून इरफानव्ह्यूच सांगतो. बोस्नियातल्या यायत्से गावच्या इरफान श्किल्यान यांनी ते १९९६ मध्ये आणलं आणि घरगुती वापराला ते आजही फुकट आहे. बटणांची पट्टी लपवता येते, एंटर दाबला की फोटो पडदाभर. ज्यांना मेनूसुद्धा नको त्यांनी क्यूव्ह्यू घ्यावं. माझ्या लिनक्स मशीनवर रोजच्यासाठी क्यूव्ह्यू, शिलालेखांच्या तुलनेला नोमॅक्स.

*

पुण्या-मुंबईहून येणारे फोटो आता एचईआयसी असतात. आयफोन २०१७ पासून असेच साठवतो. साध्या सॉफ्टवेअरमध्ये ते दरवेळी उघडतीलच असं नाही. मूळ फाइल तशीच ठेवून शेजारी जेपीईजी प्रत काढतो आणि दोन्हींना नाव एकच देतो, म्हणजे यादीत ती लागून येतात.