अम्मीची दुवा

रोह्याहून दिव्याची गाडी सुटली की अम्मी प्रवासाची दुवा म्हणायला लागते. पेण येईपर्यंत तिचे ओठ हलत असतात. समोरची कोळीण टोपली सरकवून तिला जागा करून देते. कुणाला काही वाटत नाही.

याच अम्मीला बहिणीकडे दिल्लीला नेताना विमानात मी हळूच म्हणालो, "अम्मी, मनातल्या मनात म्हण." तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

मला भीती अपहरणाची नव्हती. लोक आपल्याला घाबरतील, याची होती.

लोकांची भीती उगाच नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ कंदाहारला पळवून नेलं. त्यात रुपिन कत्याल यांचा खून झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर कॉकपिटची दारंच बदलली. आता दाराला गोळीही दाद देत नाही आणि कुलूप आतल्या वैमानिकाच्या हातात असतं.

पण २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जचा कॅप्टन कॉकपिटबाहेर गेला आणि सहवैमानिकाने दार आतून बंद करून विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. १५० माणसं गेली. दाराने आपलं काम चोख केलं होतं. धोका मात्र आत, गणवेशात बसला होता.

३० ऑक्टोबर २०१७ ला मुंबई-दिल्ली विमानाच्या शौचालयात धमकीची चिठ्ठी सापडली. विमानात अपहरणकर्ते आहेत, असं तिच्यात होतं. विमान अहमदाबादला उतरवलं. मजकूर इंग्रजीत आणि उर्दूत होता. बातमीतला 'उर्दू' हा शब्द वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. पकडला गेला तो मुंबईचा एक सराफ. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली; २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

म्हणजे भाषेवरून, गणवेशावरून माणूस ओळखू पाहणारे दोन्हीकडे फसले. त्यापेक्षा तपासणीचं यंत्र बरं. ते टोपी, टिळा पाहत नाही. सगळ्यांची बॅग सारखीच तपासतं. त्या यंत्रातून अम्मीही गेली होती, मीही गेलो होतो. मग जागेवर बसल्यावर तिची पुन्हा झडती घेतली ती मी, तिच्या मुलाने.

परतीच्या विमानात मीच म्हणालो, "अम्मी, दुवा म्हण ना."

"म्हटली," ती म्हणाली. "मनात."