पन्नाशीची भेट

सौभाग्यवतीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी तिला सोन्याच्या पाटल्या दिल्या होत्या. तिने त्या हातांत घालून पाहिल्या, माझ्या आईला दाखविल्या आणि संध्याकाळी कपाटात ठेवून दिल्या. आता वर्षातून दोन लग्नांत त्या बाहेर निघतात. पन्नासावा वाढदिवस जवळ येऊ लागला तेव्हा मला त्या पाटल्या आठवल्या. गिऱ्हाइकाला नको असलेला माल कितीही भारी असला तरी त्याच्या गळ्यात मारू नये, एवढे तरी व्यापाऱ्याला कळावयास हवे.

तिला काय हवे, हे मला ठाऊक होते. तिचे माहेर सटाण्याचे. मांगीतुंगीच्या पायऱ्या ती लहानपणी वडिलांच्या पुढे धावत चढत असे. नाशकात गोदावरीला पूर आला की घरातील सगळे दारे लावून बसणार; ही मात्र दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, ते पाहून येणार. "एखादा अवघड गड चढायचाय हो," असे ती सत्तावीस वर्षे म्हणत आली आणि माझे उत्तरही सत्तावीस वर्षे एकच होते : "सीझन आहे, दुकान सोडून कसे जायचे?"

या वेळी तिला न सांगता बेत आखावयाचा, असे मी ठरविले. मुलगा आणि सूनबाई यांना त्यात घेतले. मुलाने कामशेतचे पॅराग्लायडिंग सुचविले, सूनबाईने कोलाडला कुंडलिकेच्या प्रवाहातील राफ्टिंग. दोन्ही बेत चांगलेच होते. पण मला यात्रेतील आकाशपाळण्याचा प्रसंग आठवला. सगळ्या बायका ओरडत होत्या आणि ही खाली उतरून म्हणाली होती, "नुसते बसून राहायचे, त्यात मी काय केले?" तिची हौस भीतीची नाही, स्वतःच्या हातापायांनी काही अवघड करण्याची आहे, हे त्या आठवणीने मला उमगले. मग हरिहर गड ठरला.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण २८ किलोमीटर. तेथून पुढे निरगुडपाडा हे पायथ्याचे गाव. गडाच्या कातळात कोरलेला जिना जवळजवळ उभा आहे. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंस हाताने धरण्यासाठी खोबण्या आहेत. १८१८ साली त्र्यंबकगड पडल्यावर हरिहरही इंग्रजांकडे गेला. तो पाहावयास आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज याने या वाटेची तुलना दोनशे फुटी भिंतीला लावलेल्या शिडीशी केली होती. अशा शिडीवर पन्नाशीतील गृहिणीला न्यावयाचे, म्हणजे तयारी हिशेबाच्या वहीसारखी चोख हवी.

पावसाळ्यात तेथे जाणे मला मान्य नव्हते. चातुर्मासात पावलागणिक हिरवळ आणि जीवजंतू. शिवाय ओला कातळ निसरडा. कार्तिकी पौर्णिमा उलटू दिली. वाढदिवस मार्गशीर्षात होता, पण पंचांग उघडले तर त्या दिवशी चतुर्दशी, तिचा उपवास! जाणे तीन दिवस अलीकडे घेतले. ती नवकारशी पाळते, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत मुखात काही नाही. त्यामुळे पहाटे निघून न्याहारी पायथ्याशी करावयाची आणि चौविहार सांभाळण्यासाठी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, असा दिवस बसविला. निरगुडपाड्यात एका घरी कांदा-लसणाशिवाय पिठले-भाकरी सांगून ठेवली. उकळलेले पाणी घरून न्यावयाचे ठरले.

गुपित राखताना मात्र मन खाऊ लागले. बेत लपविण्यासाठी खोटे बोलावे काय? मौन पाळता येते, असत्य बोलू नये, असा मी माझ्यापुरता तोडगा काढला. तरीही एक गोष्ट उरली. जागा लपविणे ही गंमत आहे. धोका लपविणे ही फसवणूक आहे. म्हणून महिनाभर आधी मी तिला सांगितले, "तुला एके ठिकाणी न्यायचे आहे. कुठे ते विचारू नकोस. चढ अवघड आहे. डॉक्टरांना दाखवून घे, आणि शेवटच्या पायरीवरही 'नको' म्हणायची तुला मोकळीक आहे." तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू दुकानावर भलताच मनुष्य बसला आहे! दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज पहाटे म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या चढू लागलो.

आता एक कबुली. माल पाहिल्याशिवाय सौदा करावयाचा नाही, या सवयीने मी मुलासह आधी हरिहरला जाऊन आलो. स्थानिक वाटाड्या ठरविला, दोर आणि हेल्मेट यांची व्यवस्था केली. पण त्या जिन्यासमोर उभा राहिलो आणि माझे गुडघे थरथरू लागले. उंचीची भीती मला लहानपणापासून आहे. सत्तावीस वर्षे जे 'दुकान' मी पुढे करीत होतो, ते दुकान नव्हतेच. ही भीती होती. मुलाला मी म्हणालो, "ऊन फार आहे, आज राहू दे."

ठरलेल्या दिवशी न्याहारी करून आम्ही चालू लागलो. रानातून वर आल्यावर समोर तो जिना दिसला आणि ती लहान मुलीसारखी हसली. मग वळून म्हणाली, "तुम्हीही येताय ना?"

तेव्हा मी सगळे सांगून टाकले. ती हसेल, असे वाटले होते. ती हसली नाही. काही वेळ खोबणीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटायचे, माझे हे वागणे तुम्हांला शोभत नाही असे वाटते. म्हणून मी विचारायचे कमी केले."

माझ्या हिशेबात ही रक्कम कधी आलीच नव्हती. मी माझी भीती लपविली. तिने ती नापसंती समजून, स्वतःला दोष देत, इतकी वर्षे आवरून धरली होती.

मी अकरा पायऱ्या चढलो आणि कातळाकडे तोंड करून, एकेक पाय चाचपीत, खाली आलो. ती मुलाबरोबर आणि वाटाड्याबरोबर वर गेली. मी सूनबाईजवळ बसून सामायिक घेतले. ४८ मिनिटे समभावाची, पण त्यातील किती समभावात गेली, हे न विचारलेलेच बरे. दरवाजाशी तिची केशरी ओढणी दिसली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

उतरून आल्यावर मी विचारले, "भीती वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर प्रत्येक पायरी नीट पाहिली. हात घट्ट बसल्याशिवाय पाय हलविला नाही."

आपल्याकडे यालाच जयणा म्हणतात. पुढची भूमी पाहून पाऊल टाकणे आपण लहानपणापासून ऐकतो. ते जिवांच्या रक्षणासाठी आहे. पण त्या जिन्यावर मला वाटले, साहस करणारा बेफिकीर असतो, हा आपला गैरसमज आहे. ती त्या दिवशी जितकी सावध होती, तितका सावध मी गादीवर बसून तरी असतो काय? आणि ज्याला मी आयुष्यभर सावधपणा म्हणालो, त्यातला बराचसा भाग नुसता भ्याडपणा होता.

सूर्य मावळण्यापूर्वी पिठले-भाकरी झाली. चतुर्दशीला तिचा उपवास झाला, पारण्याच्या दिवशी आईने तिला औक्षण केले आणि गडावरचे छायाचित्र सगळ्या नातेवाइकांना स्वतः दाखविले.

अजूनही दर रविवारी आम्ही गजपंथावर जातो. वर पोहोचल्यावर मी कठड्यापासून दोन हात दूरच उभा राहतो. ती काठाशी जाते. आता तिने पुढच्या गडाचे नाव काढले, की मी दुकानाचे नाव काढीत नाही. "मला भीती वाटते, पण पायथ्यापर्यंत येईन," असे म्हणतो. ती म्हणते, "अकराच्या बाराव्या पायरीपर्यंत या."