राष्ट्रपतींची सही आणि माझा चुकलेला मथळा

काल पाटणी चौकात चहा घेताना एका पोरानं विचारलं, "भाऊ, राष्ट्रपतीनं मनावर घेतलं तर घटना बदलते काय?" मला माझीच जुनी बातमी आठवली.

४ जून २००९. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचं संसदेपुढे अभिभाषण झालं. लोकसभा-विधानसभेत महिलांना एक तृतीयांश आरक्षण, पंचायतीत ५० टक्के, असं त्यात होतं. ताई अमरावतीच्या माजी खासदार, म्हणजे आपल्याच विभागातल्या. मी उत्साहात मथळा दिला, 'प्रतिभाताई महिला आरक्षण आणणार'. दुसऱ्या दिवशी रिसोड तालुक्यातल्या एका महिला सरपंचांचा फोन आला, "दादा, मंग आता आमाले बी दिल्लीत जाता येईन?" मी बिनधास्त हो म्हटलं.

चूक माझी होती. अभिभाषण राष्ट्रपती वाचतात, मजकूर सरकारचा असतो. साधं विधेयक ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. घटनादुरुस्तीच्या बाबतीत तेवढंही नाही. १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीनं संमती देणं बंधनकारकच केलं आहे.

मग राष्ट्रपतींच्या शब्दाला वजनच नाही का? आहे. २००० साली वाजपेयी सरकार घटनेचा आढावा घ्यायला निघालं होतं. २७ जानेवारीला संसदेच्या केंद्रीय सभागृहात, सरकारसमोरच, के. आर. नारायणन यांनी विचारलं की घटना आपल्याला कमी पडली, की आपण घटनेला कमी पडलो? पुढच्याच महिन्यात न्या. वेंकटचलय्या आयोग नेमला गेला, पण संसदीय लोकशाही आणि घटनेची मूळ चौकट न हलवता, फक्त कामकाजाचा आढावा घ्यायला. हे एकट्या नारायणन यांच्यामुळे झालं असं नाही. पण त्यांनी कलम वापरलं नाही, प्रश्न वापरला, आणि तो देशभर चर्चेत राहिला.

महिला आरक्षण मात्र ९ मार्च २०१० ला राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत अडकलं. त्या वेळी आपल्या यवतमाळ-वाशिमच्या खासदार महिलाच होत्या, तरी विधेयक तिथं मतदानालाच आलं नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये द्रौपदी मुर्मू यांची सही झाली. त्यातही अट अशी की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर आरक्षण.

त्या सरपंचताई मध्यंतरी बाजारात भेटल्या. आता नातवंडं आहेत त्यांना. हसून म्हणाल्या, "काय झालं दादा, आमच्या दिल्लीचं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून त्या पोराला एवढंच सांगितलं, सही राष्ट्रपतींची असते, पण मत खासदाराचं असतं. आणि खासदार आपण निवडून देतो. मत मागायला आले की हा प्रश्न त्यांना विचारा.

तुम्ही कधी विचारलाय? कमेंटमध्ये सांगा.