उणे तीन

आमची मुलगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हापासून डोंबिवलीच्या नणंदेपासून ते खालच्या दुकानदारापर्यंत सगळे विचारायचे, "पोरगी नेमकं काय शिकते?" आम्ही म्हणायचो, "फिजिक्स." पुढे आम्हालाच काही सांगता येत नसे. त्यात स्थळं यायला लागली. भिवंडीच्या एका चांगल्या घरातून निरोप आला: एम.एस्सी. पुरी होऊ द्या, पण पीएच.डी.ची पाच वर्षं नकोत. आम्ही तोंडाने होकार दिला नव्हता, मनातून दिला होता.

तिला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नको म्हणा, अम्मी. पण कशाला नको म्हणताय ते आधी एकदा बघा."

म्हणून आम्ही दोघं बघायला बसलो. आमच्यातला एक कल्याणच्या शाळेत दहावीला गणित शिकवून निवृत्त झालेला. दुसरी बारावी सायन्स करून लग्नानंतर मुंब्र्याला आलेली, पुढे शिवणाच्या मशीनवर घराला हातभार लावलेली. इशाची नमाज आणि जेवण आटोपलं की चटईवर वही उघडायची, असं ठरलं.

तिच्या प्रोजेक्टचं नाव इलेक्ट्रोमॅग्नेटिकली इंड्यूस्ड ट्रान्सपरन्सी. नावाला घाबरू नका, आम्ही घाबरलो होतो. काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ आहे. तिच्यावर बरोबर रंगाचा लेझर सोडला की वाफ तो गिळून टाकते, पलीकडे फारसं काही पोचत नाही. आता दुसरा, जरा वेगळ्या रंगाचा लेझर सोबत सोडा. तीच वाफ पहिल्या लेझरला आरपार जाऊ देते. प्रकाशात प्रकाश घातला आणि अडथळा नाहीसा झाला. 1991 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्ट्रॉन्शियमच्या वाफेत करून दाखवलं. त्या सहकाऱ्यांत अताच इमामोग्लू हे एक तुर्की नाव आहे, ते ऐकून आम्हाला उगाच बरं वाटलं.

असं का होतं, हे समजवायला तिने रोजची लोकल घेतली. अणूच्या दोन खालच्या पायऱ्या म्हणजे कसारा आणि कर्जत. वरची एक पायरी म्हणजे कल्याण. दोन्हीकडच्या गाड्या कल्याणलाच येतात. एक लेझर कसाऱ्याहून वर नेतो, दुसरा कर्जतहून. आम्ही म्हटलं, मग कल्याणला दुप्पट गर्दी व्हायला हवी. ती म्हणाली, "गाड्या असत्या तर झाली असती."

तिथेच आम्ही आठ दिवस अडकलो.

तिने तीन ओळी, तीन रकान्यांची सारणी मांडून दिली. खरी मापं बाजूला ठेवून पहिल्या लेझरच्या जोराला 3 आणि दुसऱ्याच्या जोराला 4 घेतलं. पहिली ओळ 0, 0, 3. दुसरी 0, 0, 4. तिसरी 3, 4, 0. प्रश्न असा, की या सारणीने गुणल्यावर ज्याचा नुसता आकार बदलतो, दिशा बदलत नाही, असे तीन आकड्यांचे संच कोणते आणि ते किती पटीने बदलतात? दहावीच्या पुस्तकात क्रेमरच्या पद्धतीत दोन ओळींचा निश्चयक असतो. मास्तरांनी तो आयुष्यभर शिकवलेला. तीन ओळींचा करायला एक संध्याकाळ गेली, पण समीकरण सुटलं. पटी निघाल्या 5, उणे 5 आणि 0.

शून्याला जुळणारा संच निघाला 4, उणे 3, 0. मास्तरांनी त्यावर लाल पेनने काट मारली. वयाच्या उदाहरणात उणे उत्तर आलं की ते सोडून द्यायचं, हे त्यांनी हजारो मुलांना सांगितलं होतं. अणू उणे तीन कसे असतील?

मुलगी कल्याणहून दमून आली होती. वही बघून हसली. "अब्बा, तुम्ही उत्तरच खोडलंत."

हे आकडे अणूंची मोजदाद नाहीत, लाटांची उंची आहेत. लाटेला चढ असतो तसा उतारही असतो. तिसऱ्या ओळीत आकडे घालून बघा: 3 गुणिले 4 म्हणजे 12, 4 गुणिले उणे 3 म्हणजे उणे 12. बेरीज शून्य. कसाऱ्याची लाट आणि कर्जतची लाट कल्याणला एकमेकींना पुसून टाकतात. अणू वर जातच नाही, मग प्रकाश गिळणार कसा? मोजदाद हवी असेल तर वर्ग करा. पंचवीस भागांपैकी 16 भाग पहिल्या पायरीवर, 9 दुसऱ्या पायरीवर, कल्याणला शून्य. हे बारावी सायन्सवालीच्या आधी लक्षात आलं. मास्तर अर्धा तास गप्प होते. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की नवव्या शतकात बगदादला बीजगणिताचा ग्रंथ लिहिणारे अल्-ख्वारिझ्मीसुद्धा उणे उत्तर धरत नसत. खरंच आहे ते. आपल्या जलशांत त्यांचं नाव निघालं की टाळ्या पडतात. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाच्या वाटणीच्या हिशोबांचा आहे, हे मात्र आम्हाला या वयात कळलं.

पुढची गोष्ट आणखी गमतीची. प्रकाश आरपार जातो तो रंगांच्या अगदी अरुंद फटीतून, आणि त्या फटीत प्रकाशाचा ठोका कमालीचा मंदावतो. 1999 साली लेने हाऊ या डॅनिश बाईंनी अतिथंड सोडियममध्ये तो सेकंदाला 17 मीटरवर आणला. म्हणजे ताशी 61 किलोमीटर. दिव्याच्या पुढे मोकळा रूळ मिळाला तर आमची लोकल त्याच्या पुढे जाईल!

भिवंडीच्या घरी आम्ही दोघं स्वतः गेलो. चहा झाला. मुलगी काय करते, हे यावेळी सांगता आलं, सारणीसकट नाही, पण कसारा-कर्जत-कल्याणसकट. मुलाच्या आईने लक्ष देऊन ऐकलं. वडिलांनी विचारलं, "पण याचा उपयोग काय?" आम्ही म्हटलं, प्रकाशातला निरोप अणूंमध्ये थोडा वेळ साठवून परत काढता येतो, त्यावर जगभर काम चाललंय. ते म्हणाले, कळवतो. पाच वर्षांचं मात्र आम्हीच सांगून टाकलं. निरोप अजून आलेला नाही.

तिने जेस्टचा फॉर्म भरला आहे. पुणं मिळालं तर आठवड्याला येईन म्हणते. आमची वही सध्या बंद पडली आहे, कारण वरच्या पायरीवरचा अणू आपोआप खाली घसरतो, ते गणितात घेतलं की साधी सारणी पुरत नाही, डेन्सिटी मॅट्रिक्स लागते. नऊ समीकरणं आहेत. मास्तर म्हणतात, सहाच पुरतील. बारावी सायन्सचं म्हणणं आहे, नऊच्या नऊ लिहून काढा, मग बघू.