सत्तरपैकी सत्तर

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. कारण विचाराल तर अभ्यास! हो, पन्नाशी उलटल्यावर. आईला फोनवर सांगितलं की व्हिसाच्या नियमांबद्दल सल्ला द्यायचं रीतसर शिकतेय, परीक्षा आहे. ती म्हणाली, "अगं, ते तर तू वीस वर्षं देतेच आहेस की!"

आईचं बरोबर होतं. आणि सगळी गोची तिथेच होती.

आम्ही २००४ मध्ये इंग्लंडला आलो ते नवऱ्याच्या व्हिसावर. 'हायली स्किल्ड मायग्रंट' नावाची योजना होती, तिच्यातही पॉइंटच मोजायचे. शिक्षणाचे इतके, पगाराचे इतके, अनुभवाचे इतके. तो फॉर्म मी भरला होता, पुण्याला, सासूबाईंच्या डायनिंग टेबलवर. तो मंजूर झाला आणि मी घरातली व्हिसा-तज्ज्ञ ठरले. मग नोव्हेंबर २००६ मध्ये त्या योजनेचे नियम मधेच बदलले. आधी आलेल्यांनाही नवे निकष लावायला घेतले. आम्ही सगळी ओळखीची मंडळी रात्र रात्र एकमेकांना मेल करत होतो. एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की जे आधीच आलेत त्यांना जुन्या नियमांनीच वागवा. तोवर मी इतकं वाचलं होतं की लोक मला लांबून लांबून फोन करायला लागले होते. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

असो. तर गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला लंडनला गेले. आमच्या गावातल्या एका धर्मादाय संस्थेत मी आठवड्यातून एकदा कागदपत्रं लावायला जाते, त्यांनीच पाठवलं. वर्गात बाराजण. गुरुद्वारात मदत करणारे एक सरदारजी, एका हॉस्पिटलच्या एच.आर.मधली मुलगी, ब्राझीलची एक बाई, एक निवृत्त शिक्षक. शिकवणाऱ्या बाईंनी आयुष्यभर लोकांची अपिलं लढवलेली.

त्यांनी सुरुवात पॉइंटपासून केलीच नाही. सुरुवात तुरुंगापासून केली :)

इथे १९९९ चा एक कायदा आहे. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देण्याचं काम चालवलं तर तो गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे घेतले नाहीत तरी! घरात बसून भाच्याला दोन शब्द सांगितले तर तो गुन्हा नव्हे. पण देवळात किंवा मंडळात दर रविवारी टेबल टाकून लोकांना फुकट सल्ला द्यायला लागलात, की तुम्ही त्या कायद्यात आलात. सरदारजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे आपापलं टेबल आलं असणार.

सल्लागारांचे तीन स्तर असतात. पहिल्या स्तराने साधे, सरळ अर्ज बघायचे. दुसऱ्याने गुंतागुंतीची प्रकरणं. तिसऱ्याने ट्रिब्युनलपुढे उभं राहायचं. मी पहिल्या स्तराची परीक्षा देतेय. म्हणजे आपल्याकडचे गल्लीतले डॉक्टर असतात ना, तसं. सर्दी-ताप बघायचा, पण पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला अपेंडिक्स असू शकतं हे ओळखून वेळेत पुढे पाठवायचं. बाई म्हणाल्या, या स्तराला सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य हेच, आपलं काम कुठे संपतं ते कळणं.

मग पॉइंट. आत्ताची पद्धत डिसेंबर २०२० पासूनची, ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या लोकांनाही तीच. कामाच्या व्हिसाला सत्तर पॉइंट लागतात. परवानाधारक कंपनीने नोकरी देऊ केली की वीस, नोकरी ठरलेल्या दर्जाची असली की वीस, इंग्रजीचे दहा आणि पगाराचे वीस. झाले सत्तर. पगाराची मर्यादा मात्र पळती आहे. २०२० मध्ये २५,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये एकदम ३८,७०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. त्या विशिष्ट कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो धरायचा. नुकतेच शिकून बाहेर पडलेले वगैरे काहींना सवलत आहे.

बाईंनी फळ्यावर एक उदाहरण घातलं. सवलत कसलीच नाही, पगार ४१,६५०. पगाराचे पॉइंट किती? मागून कुणीतरी म्हणालं, "एकोणीस?" सगळे हसले. उत्तर शून्य.

मला आमचा दहावीचा निकाल आठवला. आपल्याकडे पस्तिसाला पास, पण दोन-चार मार्क कमी पडले तर ग्रेस देऊन पोराला वर ढकलतात. इथे ग्रेस नाही. नावाला पॉइंट आहेत, पण सत्तरपैकी सत्तरच हवेत. कोर्टातही हा प्रश्न गेलेला आहे. २०१२ मध्ये मिया नावाच्या एका माणसाच्या प्रकरणात, पाच वर्षांना थोडक्यात कमी पडला होता तो, अपील कोर्टाने सांगितलं की थोडक्यात हुकणं असा काही वेगळा हिशेब नियमांत नाही. हुकलं ते हुकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका जुन्या निकालाच्या प्रती वाटल्या. 'पांकिना', जून २०१०. मी पहिलं पान वाचलं आणि माझे हात गार पडले.

आता इथे मला २००९ मध्ये जावं लागेल.

नवऱ्याच्या आतेभावाचा मुलगा तेव्हा इथे एम.एस्सी. करत होता. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं राहून काम करायला मिळायचं, त्या व्हिसाचा अर्ज त्याला करायचा होता. तोही पॉइंटवरचाच. एका शनिवारी आमच्याकडे पोहे खाता खाता त्याने विचारलं, "काकू, खात्यात किती पैसे दाखवायचे?" मी म्हटलं, "आठशे पौंड. तेवढे असले की झालं."

तेवढे असले की झालं!

ते सलग तीन महिने, एकही दिवस खाली न जाता असायला हवे होते. मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलेलं होतं. त्याच्या खात्यात एका महिन्यात घरभाडं गेलं आणि पार्टटाइम कामाचा पगार जमा व्हायला तीन दिवस लागले. तेवढे तीन दिवस सातशे चाळीस. अर्ज नामंजूर.

पत्रात अपिलाचा हक्क आहे असं लिहिलेलं होतं. मुदत अगदी थोडी. त्याने पुन्हा मलाच विचारलं. आणि मी म्हटलं, "कोर्टाच्या भानगडीत नको पडूस, उगीच रेकॉर्ड खराब होईल. सरळ घरी जा आणि तिथून पुन्हा अर्ज कर." हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. नवऱ्याच्या ऑफिसातला कुणीतरी तसं म्हणाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये तो पुण्याला गेला. तिथून अर्ज करायचा तर २,८०० पौंड दाखवायचे, तेही तीन महिने, आणि डिग्री मिळाल्यापासून वर्षाच्या आत. ते जमलं नाही. विषय संपला.

आणि जून २०१० मधला हा निकाल म्हणत होता की आठशे पौंडांची अट नियमांत आहे, ती खरी. पण 'तीन महिने' फक्त सूचनांच्या पुस्तिकेत आहे, आणि ती पुस्तिका पार्लमेंटपुढे ठेवलेली नाही. तेव्हा त्या एका कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. अर्जदार कोण? इथेच शिकलेली, त्याच व्हिसाला अर्ज केलेली, आमच्या पुतण्यासारखीच मुलं. त्यांना कुणीतरी 'अपील करा' म्हणणारं भेटलं होतं. आमच्या मुलाला मी भेटले होते.

अपील केलं असतं तर तो जिंकलाच असता असं मी म्हणणार नाही. पण दार आहे एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं. मी ते दार लोटून घेतलं, तेही मायेने.

जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना हे सगळं सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी त्याने तुला विचारलं असतं की हे कुठे लिहिलंय ते दाखव, तर तू काय दाखवलं असतंस?"

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं सार मला यातच मिळालं. फाइलमध्ये टिपण ठेवायचं. काय विचारलं, मी काय सांगितलं, कुठल्या नियमाच्या आधारे, त्या तारखेला तो नियम काय होता. कारण तारीख बदलली की उत्तर बदलतं. पैशांची अटच बघा. कामाच्या व्हिसाला आता १,२७० पौंड, २८ दिवस. आपलं २००९ चं ज्ञान २०२५ मध्ये कुणाच्या हातात दिलं तर ते औषध नव्हे, विष.

गंमत म्हणजे या निकालांमुळे नियमांचं पुस्तक बारीक झालं नाही, जाडच झालं. पांकिनानंतर सरकारने ती अट उचलून नियमांत घातली. मग जुलै २०१२ मध्ये अल्वी नावाच्या फिजिओथेरपी असिस्टंटच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या अटीवरून अर्ज नाकारायचा ती पार्लमेंटपुढे यायलाच हवी. झालं, पुस्तिकांतलं सगळं नियमांत येऊन बसलं. आधी अट लपलेली असायची. आता ती समोर असते, पण हजाराहून जास्त पानांच्या गर्दीत. म्हणून तर शिकलेली माणसं लागतात.

आता यंदाच्या संक्रांतीचं. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला एक मुलगी आली होती, सांगलीकडची. इथे वृद्धाश्रमात केअर वर्कर. तिळगूळ घेऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, माझ्या कंपनीचा परवाना गेला. साठ दिवसांचं पत्र आलंय. तुम्ही शिकताय ना?"

मी काही बोलायच्या आत चार जणी बोलल्या. एक म्हणाली काही होत नाही, पत्रं येतातच. दुसरी म्हणाली दुसरीकडे रोखीने काम धर. आणि एक काकू, मनाने फार चांगल्या, म्हणाल्या, "अगं, सरळ घरी जा आणि तिथून पुन्हा अर्ज कर."

तेच वाक्य. शब्दन् शब्द.

२२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची बाहेरून भरती बंद झालीय. जे इथे आहेत त्यांना काही अटींवर इथल्या इथे दुसरी कंपनी धरायला वाव आहे, पण एकदा विमानात बसलं की त्या वाटेने परत येणं नाही. हे मला माहीत होतं. पण तिचं पत्र मी वाचलेलं नव्हतं, तिच्या तारखा मला ठाऊक नव्हत्या, परीक्षा व्हायचीय, नोंदणी नाही, आणि प्रकरण माझ्या स्तरापलीकडचं. मी एवढंच म्हटलं, "तिकीट काढू नकोस. काहीच करू नकोस. आधी नोंदणी असलेल्या माणसाला भेट. यात मी सल्ला देऊ शकत नाही."

काकू म्हणाल्या, "शिकून आलीस आणि आता सांगत नाहीस?" सगळ्या गप्प झाल्या. खोटं नाही सांगत, फार लागलं ते.

रात्री तिला बसवून पत्रावरच्या सगळ्या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून काढल्या. सल्लागारांची सरकारी यादी असते, ती कशी बघायची ते दाखवलं. (आधी त्या कार्यालयाचं नाव वेगळं होतं, जानेवारी २०२५ पासून 'इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटी'.) दोन दिवसांनी तिच्याबरोबर गेले आणि गप्प बसून राहिले. बाविसावा दिवस होता. नवी कंपनी शोधणं चालू आहे. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही.

एक काम राहिलं होतं. प्रशिक्षणाहून आल्यापासून पुण्याला फोन करायचा होता आणि धीर होत नव्हता. हळदीकुंकवानंतर केला. पुतण्याचं छान चाललंय, घर आहे, लेक तिसरीत आहे. मी सगळं सांगितलं. पांकिना, जून २०१०, अपील, सगळं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, मला तेव्हाच कळलं होतं. मित्राने मेल केला होता त्या निकालाचा."

सोळा वर्षं! त्यात तो तीनदा आमच्याकडे राहून गेला. एका लग्नात त्याची आई मला म्हणाली होती, "तू होतीस ना तिथे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो." तेव्हाही तो शेजारीच उभा होता आणि काही बोलला नव्हता.

"मग मला सांगितलं का नाहीस रे?"

"सांगून काय करणार होतो? तुम्ही पोहे करून घालायचात."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. नातेवाईक मंडळींनो, यापुढे व्हिसाचं विचारायला फोन केलात तर मी आधी विचारेन, पत्र कुठाय, तारीख काय, आणि बहुतेक वेळा म्हणेन की मला बघावं लागेल, किंवा हे माझ्याच्याने होणार नाही. राग मानू नका. पोहे मात्र पूर्वीसारखेच मिळतील.